तिच्या शब्दाला थांबणारं विमान

माझी मावसबहीण हवाईसुंदरी झाली तेव्हा साऱ्या नातेवाइकांना आनंद झाला, मला सोडून. लपवायचं कशाला? लहानपणी सुट्टीत पुण्याहून सोलापूरला आली की ती माझ्या हातची भाकरी खायची, माझ्याच फणीनं केस विंचरायची. आता तीच सकाळी मद्रासला आणि संध्याकाळी दिल्लीला, आणि मी आपली शिलाई मशीनवर वाकलेली. तिच्या पगाराचं मला एवढं काही वाटलं नाही. साडीचं थोडं वाटलं. पण खऱ्या मिरच्या झोंबल्या त्या वेगळ्याच गोष्टीनं.

दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात ती चार दिवस आमच्याकडे राहायला आली. आमचे हे एसटीत ड्रायव्हर. ताटावर बसले होते, मी वाढत होते आणि ती सांगत होती. विमान उतरायला लागलं की पुढून घंटी वाजते. मग ती कपबशा गोळा करते, सगळ्यांचे पट्टे बघते, खुर्च्यांच्या पाठी सरळ करायला लावते आणि कॅप्टनकडे जाऊन सांगते की मागची तयारी झाली. तोवर तो विमान जमिनीला टेकवत नाही. एकदा ऐन उतरायच्या वेळी एक आजोबा संडासात गेले आणि त्यांना आतली कडीच निघेना. हिनं जाऊन सांगितलं, अजून तयारी नाही. कॅप्टननं मुकाट्यानं गावावरून आणखी एक वळसा घातला.

रागावला असेल की, मी म्हटलं.

"रागवायचं काय त्यात, आक्का? किती वेळ लागेल, एवढंच विचारलं त्यानं. मी नाही म्हटलं की नाही."

माझ्या हातातला भात तसाच राहिला. एवढे शिकलेले, सुटाबुटातले लोक वर आभाळात गोल फिरत होते, का, तर आमच्या मावशीची पोरगी नाही म्हणाली म्हणून.

"त्यात काय यवडं?" हे म्हणाले. "आमच्यात बी कंडक्टरनं डबल मारल्याबिगर गाडी हालत न्हाय."

खोटं नव्हतं ते. गाडीला कितीही उशीर झालेला असो, दोनदा घंटी वाजेपर्यंत हे स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसायचे, मी स्वतः पाहिलं होतं. आणि याच माणसानं त्याच आठवड्यात मंगळवेढ्याला बदली मागून घेतली होती. खाकी सदरा खुंटीला अडकवता अडकवता मला सांगितलं, पुढच्या महिन्यात निघायचं. गाव त्यांचं, भाऊबंद त्यांचे. माझं काय होतं तिथं? इथं गल्लीतल्या बायका ब्लाउज टाकायला लागल्या होत्या, त्या वर्षी शाळेच्या गणवेशांचं कामही पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं. सोलापुरात माझ्या नावानं लोक दार विचारत यायला लागले होते, आणि हे सगळं सोडायला माझी तयारी आहे का, असं कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. कंडक्टरला विचारत होते ते. मला नाही.

उरलेले दिवस मी तिच्याशी तुटकच वागले. ती गोष्टी सांगायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जाताना तिनं विमानातल्या साखरेच्या चकचकीत पुड्या दिल्या. ती गेल्या गेल्या मी त्या शेजारणीला देऊन टाकल्या.

निघायचा दिवस उजाडला. यांनी मित्राचा ट्रक आणला होता, चालवणार स्वतःच. अर्धवट शिवलेले गणवेश मी परत करून आले होते. आमची मुलं पुढे बसली, मी मागे सामानात, मशीनला धरून. ट्रकची मागची फळी लागली, इंजीन सुरू झालं.

"झालं का?" यांनी पुढून विचारलं.

मी बोलले नाही. ट्रक हलेना. वर्षानुवर्षांची सवय ती. मागून इशारा आल्याशिवाय यांचा पाय क्लचवरून निघतच नव्हता. सगळा ट्रक थरथरत होता, गल्ली दारात येऊन बघत होती आणि मी हात मांडीवर ठेवून बसले होते. तेव्हा कळलं मला, तिला वर विमानात काय वाटत असेल ते. फार छान वाटतं.

शेवटी हे उतरून मागे आले.

"का गं? काय ऱ्हायलं?"

"मला इचारायचं ऱ्हायलं."

त्यांनी आधी शेजाऱ्यांकडे बघितलं, मग बांधलेल्या सामानाकडे.

"बरं," हळूच म्हणाले. "आता इचारतो. निगायचं का?"

वरातीमागून घोडं ते. खोलीची किल्ली मालकाकडे गेली होती, चूल विझली होती. नाही म्हणून मी जाणार कुठं होते? आणि म्हटलं असतं, तरी यांनी त्या कॅप्टनसारखं किती वेळ असं विचारलं नसतं. का, असंच विचारलं असतं.

मी मानेनंच हो म्हटलं. हे पुढे जाऊन बसले आणि परत थांबले. मीही थांबवता येईल तेवढं थांबवलं. मग केबिनच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

तिला विमान उतरवायच्या आधी विचारायचे. मला सामान चढल्यावर विचारलं.