सूर्याले खरं

आमच्या झाडीपट्टीत 'ळ' कोणाच्या जिभेवर चढत नाही, त्याचा 'र' होतो. डोळा म्हणजे डोरा, खळं म्हणजे खरं. धान चुरायची जागा तेही खरं, आणि सूर्याभोवती गोल कडं पडतं तेही खरंच.

गोंडपिपरीकडच्या आमच्या गावी विहारात एक म्हातारे भंते राहायचे. आभाळात काही वेगळं दिसलं की वहीत टिपून ठेवायचे. "जुन्या काळचे भिक्खूबी असेच लिवून ठेवत," म्हणायचे. चौथी शिकलेले, बोलत तसंच लिहीत. दिसलं तेवढंच लिहायचं, अर्थ लावायचा नाही, हा त्यांचा नेम.

ऐंशीनंतरचा एक हिवाळा. मी विशीतला, डोक्याचा तापट. बाबाला हिवताप चढला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मले दवाखान्यात ने रे." बंडी दारातच होती, पण बैल धान चुरायला जुंपलेले. मी खेकसलो, "काम सोडून कुठी नेऊ? दुपारी नेतो ना!"

दुपारी सूर्याला खरं पडलं. भलं मोठं, अख्खं. बैल थांबवून सगळे वर बघत राहिले. खरं पडलं म्हणजे पाऊस येणार, आणि धान तर सारं उघड्यावर. बाबाला उद्या नेऊ म्हटलं आणि बैल हाकले. दिवस बुडताना घरी गेलो, तर बाबा गार झाला होता. आणि पाऊस? मेला एक थेंब आला नाही.

बाबा गेल्याच्या चौथ्या दिवशी विहारात गेलो आणि भंतेंचे पायच धरले. "भंते, लिवा ना. सूर्याले खरं पडलं अन् त्यानं माह्या बापाले नेलं."

"खऱ्यानं नेलं हे मले दिसलं नाई," भंते म्हणाले. "तू तवा कुठी होता?"

"खऱ्यावर होतो."

तेवढं त्यांनी लिहिलं.

अजूनही सूर्याला कडं पडलं की "मले ने रे" ऐकू येतं. भरदिवसा. मी आत जाऊन दार लावून बसतो.

भंते गेल्यावर वही माझ्याकडे आली. परवा मुलीनं ती उघडून मोठ्यानं वाचली, "सूर्याले खरं. गावात एक बाप गेला. पोरगा खऱ्यावर होता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे त्या पोराचं काही चुकलं नव्हतं, हो ना बाबा?"

ती नागपुरात वाढलेली. तिला खरं म्हणजे एकच ठाऊक.

मी हो म्हणालो.