जबाबातलं वाक्य

तुळजापुरात मंदिरामागच्या गल्लीत सोळा खोल्यांचं एक लॉज आहे. दैवशालानं ते चौदा वर्षं चालवलं. सोलापूरकडून भाविकांच्या गाड्या पहाटेच यायच्या, त्याआधी ती उठायची. खोल्या देणं, रजिस्टर लिहिणं, चादरी, आंघोळीचं गरम पाणी, सगळं तिच्याकडं. नवरा कृष्णराज मनात आलं तर काउंटरवर बसायचा. पुढं त्यानं दुसरा घरोबा केला आणि घटस्फोटाचा दावा लावला. मुलीला घेऊन तेरला माहेरी आल्यावर तिला कळलं, की लॉज आधीच धाकट्या दिराच्या नावावर झालंय.

तिनं पोटगीसोबत लॉजातही वाटा मागितला. पाच वर्षं धाराशिवच्या कोर्टात तारखा झाल्या. शेवटची सुनावणी जवळ आली, तेव्हा तिच्या वकील शिवकांता मॅडमनी लेखी युक्तिवादासाठी सगळी हकीकत लिहून आणायला सांगितलं. दैवशालानं अकरा पानं भरली. नवरात्रात एकेका खोलीत वीस-वीस माणसं कशी झोपवली, मुलगी पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत जिने कसे पुसले, सगळं लिहिलं.

मॅडमनी पानं शेवटपर्यंत वाचली. मग तिच्याच साक्षीची नक्कल पुढं ठेवली. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं विचारलं होतं, लॉज कोण चालवतं? खाली तिचं उत्तर होतं, ‘मालकच चालवतात.’

"असं का सांगितलंत?"

"सासरे म्होरं बसले होते, मॅडम. त्यांच्यादेखत म्या चालवते असं कसं म्हणू?"

साक्षीत न आलेलं युक्तिवादात घालता येत नाही, मॅडम म्हणाल्या. पुन्हा साक्ष घ्यावी म्हणून त्यांनी अर्ज देऊन पाहिला. सोबत कुणी साक्षीदार मिळाला तर बरं, म्हणून दैवशाला तुळजापूरला शांताक्काकडं गेली. दोघींनी त्या लॉजात चौदा वर्षं बरोबर काम केलेलं. शांताक्कानं चहा केला, तिचा हात हातात घेतला.

"तुमीच चालवलं बाई, सगळ्या गल्लीला ठावं हाय. पण कोर्टात नगं. म्या अजून तिथंच कामाला हाय."

दैवशाला तिच्यावर रागावू शकली नाही. पुढच्या आठवड्यात अर्जही फेटाळला गेला.

युक्तिवाद चार पानांचा झाला. त्यात तिच्याविषयी एवढंच होतं, की जाबदेणार ही गृहिणी असून तिला उत्पन्नाचं साधन नाही. नुसती घरी बसून होते असं वाटतंय, ती म्हणाली. तसं लिहिलं तरच पोटगी मिळेल, मॅडम म्हणाल्या. तिनं प्रत्येक पानावर सही केली.

सुनावणी दहा मिनिटांत उरकली. महिन्याभरानं निकाल लागला. घटस्फोट मंजूर झाला, तिला आणि मुलीला दरमहा पोटगी मिळाली. लॉजबाबतची मागणी नामंजूर झाली. तिथल्या कामात तिचा सहभाग दिसत नाही, असं निकालपत्रात लिहिलं होतं.

अपील करता येईल, मॅडम म्हणाल्या.

"त्यात तरी माझ्या जबाबातलं ते वाक्य खोडता येतंय का?" दैवशालानं विचारलं.

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. दैवशालानं निकालाची प्रत पिशवीत घातली आणि ती तेरच्या गाडीसाठी स्टँडकडं निघाली.