लेडीजमधून पाहिलेला सिनेमा

आमच्या गावच्या टॉकीजमध्ये तेव्हा नवराबायको शेजारी बसत नसत. डावीकडे लेडीज, उजवीकडे गडीमाणसं आणि मध्ये कमरेइतक्या उंचीच्या लाकडी फळ्या. दारंही वेगळी. लग्नानंतर मी आमच्या यांच्याबरोबर कितीतरी सिनेमे पाहिले, पण शेजारी बसून एकही नाही.

हे शाळेत मराठी शिकवायचे आणि जिल्ह्याच्या एका पेपरात दर शुक्रवारी सिनेमावर लिहायचे. त्यासाठी टॉकीजवाला दोन पास पाठवायचा. एक यांचा, आणि दुसरा वाया जाऊ नये म्हणून माझा. मी नांदूरघाटची, चौथी शिकलेली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडायची. अंधारात बसायला मात्र फार आवडायचं. तिथं कोणी काही विचारत नाही.

यांच्या लेखी सिनेमाच्या दोन जाती. एक धंद्याचा, दुसरा वेगळा. धंद्याचा आला की हे नाक मुरडत जायचे, तीन तास हलायचे नाहीत आणि दुसऱ्या दिवशी त्याला झोडपून काढायचे. वेगळा सिनेमा वर्षातून एखादा यायचा. त्यात कोणी फारसं बोलत नाही. बैलगाडी लांबून येते आणि ती येईपर्यंत आपण वाट बघायची. त्याचं कौतुक लिहायला यांना कागद पुरायचा नाही.

मला धंद्याचा आवडायचा, खोटं कशाला सांगू? रंग, गाणी, मोठमोठी घरं. पण सगळंच पटायचं असं नाही. सासूनं छळलं की सून तुळशीपुढं उभी राहून गाणं म्हणते, तिथं मला राग यायचा. आमच्याकडची बाई आधी माहेरी निरोप धाडते. हे मी कधी कोणाला बोलले नाही.

सिनेमा सुटला की आम्ही बाहेर रसाच्या गाड्यापाशी भेटायचो. हे विचारायचे, "लेडीजमध्ये रडल्या का?" मी नुसती मान हलवायची. तेवढ्यावर पेपरात छापून यायचं, महिलावर्गाने डोळ्यांना पदर लावला. एकदा रसाचा ठसका लागून माझी मान हलली, तर एका विनोदी सिनेमालाही महिलावर्ग रडल्याचं छापून आलं.

त्या वर्षी गावात केबल आली. गच्च्यांवरून काळ्या वायरी ओढल्या गेल्या, कोपऱ्यावर एसटीडीची टपरी झाली, आणि टॉकीज रिकामी पडायला लागली. म्हणूनच की काय, मालकानं एका वेगळ्या सिनेमालाही दुपारचा खेळ दिला. सिनेमा ऊसतोडीवर होता. तो काढणारा शहरातला तरुण मुलगा स्वतः जीपमधून रिळांची पेटी घेऊन आला होता. उन्हाळा लागला होता, कारखाने बंद होऊन तोडीवाली माणसं गावी परतली होती. आपल्यावर सिनेमा निघालाय म्हटल्यावर बायका नवी लुगडी नेसून आल्या. आमच्या शेजारची अक्काही आली. ती आठ दिवसांपूर्वीच कारखान्यावरून परतली होती. मी गावात मोकळं बोलायची ती फक्त तिच्याशी.

मध्यंतराच्या जरा आधी सिनेमातली बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन बांधानं चालते. मागं बासरी वाजते. चालता चालता ती थांबते आणि मान वळवून मावळत्या सूर्याकडे बघते. बराच वेळ बघते.

आधी अक्काच हसली. "अगं बया, हिच्या मोळीत ऊस हाय का पाचट?"

मागून कोणी म्हणालं, "अन् अंगात सदरा कावून न्हाई? पाल्यानं हात चिरतील की बाईचे!"

"सूर्य बगायला मुकादमानं सुट्टी दिली आसंल."

मग सगळी लेडीज हसायला लागली. मीही हसले, पदर तोंडाला लावून.

दुसऱ्या दिवशी बुधवार. यांचं लिखाण बुधवारी दुपारी दोनच्या एसटीनं जायचं. कंडक्टर पाकीट जिल्ह्याला पोचवायचा. सकाळच्या शाळेला जाण्याआधी यांनी नेहमीसारखं मला वाचून दाखवलं. मी भाकरी करत होते.

"ज्यांच्या घामाची ही कथा, त्या अडाणी बायाच गंभीर प्रसंगी फिदीफिदी हसत होत्या. चांगला सिनेमा बघण्याची आपल्या प्रेक्षकाची लायकी नाही." एवढं वाचून यांनी विचारलं, "कसं झालंय?"

मी म्हटलं, "भाकरी करपली." खरंच करपली होती.

हे शाळेत गेले. पाकीट उघडंच फळीवर होतं. दहाच्या सुमारास अक्का बाभळीच्या फाट्यांची मोळी घेऊन आली आणि दारात टाकून घाम पुसत बसली.

"मास्तरीनबाई, आमच्यावर काय लिवलं मास्तरानं?"

"लिहिलंय," मी म्हटलं.

"माजी पोरगी वाचून दावनार हाय शुक्रवारी, हापशापाशी. म्या समद्यांस्नी सांगून ठिवलंय. पोरगी मास्तराच्याच वर्गात हाय, घडाघडा वाचती."

ती एवढीशी पोरगी बायकांच्या घोळक्यात उभी राहून स्वतःच्या आईला अडाणी म्हणून वाचणार, आणि तेही घडाघडा. पण यांच्या लिखाणावर मी कधी एक शब्द बोलले नव्हते. यांना काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं?

मी अक्काला म्हटलं, "मोळी राहू द्या इथं. तुम्हीही थांबा."

बारा वाजता हे आले. मी यांच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची चुंबळ वळली आणि यांच्या डोक्यावर ठेवली.

"हे काय गं?"

"जरा खाली बसा."

अक्काला न सांगता कळलं. तिनं आणि मी मिळून मोळी उचलली आणि यांच्या डोक्यावर ठेवली. हे दोन्ही हातांनी ती धरून कसेबसे उठले. पाय लटपटत होते, धोतराचा सोगा सुटायला आला होता.

"आता चाला," मी म्हटलं.

हे अंगणात चार पावलं चालले.

"आता सूर्य बगा, मास्तर!" अक्का म्हणाली.

"मान वळत नाही गं बाई!"

"मग काय दिसतंय?"

"काय दिसणार? माझे पाय दिसतात."

"मोप जनी रांगंत आसल्या की फुडचीच्या टाचा दिसत्यात," अक्का म्हणाली. "चार म्हैनं म्या जावंच्या टाचाच बगितल्या. तोंड दिवाळीला बगितलं व्हतं, ते आता गावाकडं आल्यावर." आणि ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. हेही हसले, आणि मोळी खाली आदळली.

मोळी उतरल्यावर हे मान चोळत फळीपाशी गेले, पाकिटातून कागद काढला आणि पेन उघडून बसले.

"म्हणून हसल्या होय? मग आणखी काय झालं लेडीजमध्ये? सांग. मान हलवू नकोस, बोल."

मी बोलले. आधी भिंतीकडे बघून, मग यांच्याकडे. म्हटलं, हसल्या त्या एकदाच. पण मध्यंतरानंतर ती बाई तान्ह्या लेकराला गाडीखालच्या सावलीत झोपवते, त्याच्या पायाला दोरी बांधून दोरीचं टोक चाकाला बांधते आणि कोयता घेऊन जाते, तिथं लेडीज एकदम शांत झाली. कडेवरची लेकरंसुद्धा चूप. अक्कानं माझा हात धरला होता. तुमच्या बाजूला तेव्हा पोरं शिट्ट्या मारत होती, म्हणून तुम्हाला ते कळलं नसेल. त्या मुलानं ते कुठंतरी नीट बघितलंय. मोळी मात्र बघितली नाही.

यांनी दोन ओळी खोडल्या. मग सगळा कागदच फाडला आणि नवा घेतला. मी पाकिटाला लावायला खळ केली. पावणेदोनला हे स्टँडकडे धावत सुटले, एक हात मानेवर.

शुक्रवारी हापशापाशी मी गेले नाही. दाराआड उभी राहून ऐकलं. पोरगी घडाघडा वाचत होती. सिनेमा मनापासून काढलेला आहे, गाडीखालच्या लेकरापाशी तो खरा होतो, पण मोळीपाशी खोटा पडतो. डोक्यावर मोळी असलेल्या बाईला सूर्य दिसत नाही, पुढचीच्या टाचा दिसतात. लेडीजमधल्या बायका हसल्या, कारण त्यांना ठाऊक होतं.

मग अक्काचा आवाज आला, "ऐकलं का गं? टाचांचं म्या सांगितलं व्हतं! मास्तराच्या डोक्यावर मोळी म्याच दिली." झालं, मोळीची गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात गेली. यांना शाळेत पोरं हळूच विचारायची, गुरुजी, मान कशी हाय?

पुढच्या आठवड्यात धंद्याचा मोठा सिनेमा आला. बुधवारी यांनी नेहमीसारखं झोडपलेलं वाचून दाखवलं. डोकं बाजूला ठेवून बघण्याचा सिनेमा, लक्षात राहण्यासारखं काही नाही.

मी भाकरी उलटली आणि म्हटलं, "अहो, पण दोन दिवस झाले, आंघोळीला तुम्ही त्यातलंच गाणं म्हणताय."

यांनी माझ्याकडे बघितलं, अंगणातल्या उरलेल्या फाट्यांकडे बघितलं, आणि खाली एक ओळ लिहिली, गाणी बरी आहेत.