साठ किलोच्या आत

खापर गावाच्या पुढच्या एका गावात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, कबड्डीच्या आयोजकाने आमच्या चढाईवाल्याला वजनात फसवलं. फसवलं तेव्हा मी काट्यापासून दोन हातांवर उभा होतो. मिरचीच्या व्यापारात माझी उमर गेली. सायकलला पोतं बांधून मी सुरुवात केली, आज माझी स्वतःची पिकअप आहे, आणि एवढ्या वर्षांत मला मापात कुणी ठकवलेलं नव्हतं.

स्पर्धा साठ किलो वजनी गटाची होती. म्हणजे साठच्या वर एक ग्रॅम भरलं तरी खेळाडू बाहेर. आमचा चढाईवाला चोवीस वर्षांचा, आमच्या कोरीट गावचाच, ट्रॅक्टर चालवणारा. त्याचं खरं वजन बासष्ट. पण तो एकटा दोन माणसांचं काम करायचा आणि त्याच्याशिवाय त्या गावात जाण्यात अर्थ नव्हता. गेल्या वर्षी मी नेलेला गावचा संघ त्याच मैदानावर हरला होता, तेव्हा आयोजक हसून म्हणाला होता, "शेठ, पुढच्या वेळी मिरची आणा, पोरं नका आणू." ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. म्हणून वजन उतरवायचं मीच ठरवलं.

आखाजीला आमच्याकडे घरोघर आमरस आणि खापरावरच्या मांड्यांचं जेवण असतं. त्या दिवशी आमचा चढाईवाला आपल्या ओसरीवर बसून होता. आत त्याची आई वाढत होती आणि तो उंबऱ्याकडे पाठ करून चिंच चघळत थुंकत होता. चिंचेने तोंडाला पाणी सुटतं, ते थुंकायचं. तेवढंच वजन कमी. सगळे खेळाडू करतात. संध्याकाळी माझ्या दुकानातल्या काट्यावर तो साठ किलो तीनशे भरला, दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणसाठ आठशे.

"झालं," मी म्हणालो. "आता तोंड बंद ठेव."

आम्ही दहा जण पिकअपमध्ये निघालो. तो माझ्या शेजारी पुढे बसला. मागे पाण्याचा मोठा जार होता, पण त्याच्यादेखत प्यायचं नाही म्हणून पोरं आळीपाळीने खाली वाकून पीत होती. तरी चेष्टा चालूच.

"तुन्हा वाटाना रस मी पी टाका रे, काळजी करू नको!" मागून एकजण ओरडला.

"पी, पी. मैदानमां तूच पडशी पहिला," चढाईवाला म्हणाला. सगळे हसले.

तळोद्यापर्यंत तो बोलत होता. अक्कलकुवा मागे पडलं तेव्हा त्याने चिंच खिडकीतून फेकून दिली. तोंडात थुंकीच येत नव्हती. ओठांवर पांढरी साय धरल्यासारखं झालं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर चमकत होतं आणि दोन्ही बाजूंची शेतं नांगरून उघडी पडली होती. त्याने काच वर केली.

"गरमी मां काच कसाले लावस?" मी विचारलं.

"भाऊ, माले थंडी वाजी ऱ्हायनी."

मी काच खाली करायला लावली. त्या वाक्यावर गाडी वळवायला हवी होती हे मला आता कळतं. तेव्हा मी घड्याळ पाहत होतो.

पोचलो तेव्हा दीड वाजला होता. मंडपाच्या बाहेर उन्हात आयोजकाचा काटा ठेवला होता. त्याच्याच धान्याच्या दुकानातला, लोखंडी पाट्याचा, आकडे दाखवणारा. त्यांच्या स्वतःच्या पोरांची वजनं सकाळीच आटोपली होती. पाट्यावर घडी घातलेलं ओलं गोणपाट अंथरलं होतं आणि एक माणूस त्यावर तांब्याने पाणी शिंपडत होता.

"लोखंड तापलंय शेठ, पोरांचे पाय भाजतील," आयोजक म्हणाला. मला ते बरंच वाटलं. माणुसकी वाटली.

आमचा चढाईवाला बनियन काढून चढला. साठ किलो सातशे.

मी भडकलो. काटाच खोटा आहे म्हणालो, पाहुण्यांना बोलावून लुटता का म्हणालो. माझ्या गाडीत वीस किलोचं सरकारी शिक्क्याचं वजन कायम असतं. ते आणलं. "काढा ते गोणपाट," मी ओरडलो. त्यांनी मुकाट्याने काढलं. पाटा रिकामा, आकडा शून्य. मी माझं वजन ठेवलं. बरोबर वीस. उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा वीस.

"समाधान झालं का शेठ?" आयोजकाने विचारलं, आणि त्याच्या माणसाने गोणपाट पुन्हा पाट्यावर टाकलं.

माझा काटा खरा, त्यांचाही काटा खरा. म्हणजे खोटा कोण? मी आमच्या पोराकडे वळलो.

"काय खादं तू? खरं सांग. घरमां रस पिना ना?"

"मायनी आन भाऊ, घोटभर पाणी बी नही पिनू."

"मंग नऊशे ग्राम कोठेन ऊनात?"

मी सगळ्यांसमोर त्याला शिवी दिली. आयोजक म्हणाला, नियम म्हणजे नियम, दुसरा खेळाडू घ्या. तिथे माझ्यातला व्यापारी जागा झाला. वजन उतरवायला मी एक तास मागितला, तो दहा मिनिटांवर अडला होता. मी माघारी जायचं नाटक केलं, पोरांना गाडीत बसायला सांगितलं, कारण सामन्याला जमलेली गर्दी त्यालाही हवी होती. शेवटी अर्धा तास ठरला. सौदा जिंकल्यासारखं मला वाटलं.

त्या अर्ध्या तासात पोराने स्वेटर घातला, त्यावर प्लास्टिकचा रेनकोट घातला आणि तो मैदानाभोवती पळाला. मी मंडपाच्या सावलीत उभा राहून फेऱ्या मोजल्या. पहिल्या काही फेऱ्यांत रेनकोटच्या बाहीतून पाणी गळत होतं. मग गळायचं थांबलं. मला वाटलं, वारा लागला असेल. आमच्यातला वयाने मोठा खेळाडू माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, त्याले घाम येवाना बंद व्हयना. ऱ्हाऊ द्या आते."

"गप ऱ्हाय," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा तो चढला तेव्हा एकोणसाठ नऊशे पन्नास भरला. आमच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. तो तांब्याभर पाणी प्यायला आणि लगेच त्याने सगळं ओकून टाकलं.

पहिल्या डावात आम्ही पुढे होतो. दुसऱ्या डावात तो चढाईला गेला, एकाला शिवला आणि परत फिरला. मधली रेषा दोन हातांवर होती. कुणी त्याला धरलं नव्हतं. तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि मग आडवा झाला. समोरच्या संघातले सातही जण पकडायला न धावता मागे सरकले. मी आत धावलो. त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि अंग कोरडं, चटका बसेल असं तापलेलं.

त्याला उचलून गाडीकडे नेताना अंगावर टाकायला काहीतरी ओलं हवं होतं. मी काट्यावरचं गोणपाट ओढलं.

आणि माझा हात थांबला. बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन कापल्याशिवाय मी आयुष्यात एक पोतं घेतलेलं नाही. कोरडं गोणपाट किती, भिजलेलं किती, हे माझ्या हाताला काट्याच्या आधी कळतं. हे किलोभर होतं. मी काटा तपासला तो गोणपाट काढून. पोराला चढवलं ते गोणपाट घालून. तो खरं बोलत होता. तो साठच्या आत होता. त्याला पळायचं कारणच नव्हतं.

तिथे थांबून कुणाचा गळा धरायलाही वेळ नव्हता. नंदुरबारच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याने तीनदा विचारलं, "भाऊ, किती भरनू मी?" मी गाडी चालवत राहिलो.

त्याची लघवी चहाच्या रंगाची झाली होती. दोनदा रक्त यंत्रातून फिरवावं लागलं. जीव वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं दुखावली आहेत. खेळ बंद, ओझं उचलणं बंद, उन्हात ट्रॅक्टर बंद. तो आता ओसरीवर बसतो. मी गेलो तर उठून खुर्ची देतो, त्या दिवसाबद्दल बोलत नाही. त्याची आई मात्र पहिल्याच दिवशी बोलली. "भाऊ, तू इतला वरीस वजन करस. तुले कसं नही दिसनं?"

अर्धा तास मी मागून घेतला, शिवी मी दिली, ते माझं पाप आहे आणि गावात चारचौघांत मी ते कबूल केलंय.

पण आयोजकाला मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "शेठ, पाय भाजू नयेत म्हणून टाकलं होतं, आमच्या लक्षात नाही आलं." धान्याचं दुकान चालवणारा माणूस म्हणतो, बारदाना लक्षात नाही आला! अरे आयोजका, सकाळी तुझ्या पोरांची वजनं केली तेव्हा काट्यावर गोणपाट नव्हतं, हे तुझ्याच मंडपवाल्याने मला सांगितलंय. मी तपासायला काढायला लावलं, ते तुझ्या माणसाने पुन्हा टाकलं, तेव्हा तू माझ्याकडे बघून समाधान झालं का विचारत होतास.

मला तुझी ट्रॉफी नको, दवाखान्याचं बिल नको, मध्यस्थ तर मुळीच नको. तू कोरीटला ये. त्या ओसरीवर त्याच्या आईसमोर बस आणि तिला सांग, ते गोणपाट दुसऱ्यांदा कुणाच्या सांगण्यावरून टाकलं. फोनवर नाही. तिथे, तिच्या तोंडावर सांग.