एक नंबर थंड

शर्यतीच्या होडीच्या इंजिनाला स्पार्क प्लग निवडून द्यावा तर थंडोबानंच. त्याचं खरं नाव लोक विसरले होते. नदीकाठी पत्र्याची शेड, तेल पिऊन काळं झालेलं बाकडं, आणि भोकं पाडलेल्या फळीत थंड ते गरम असे नंबरवार उभे केलेले प्लग. वैद्यानं जीभ बघावी तसा तो डोळ्याला भिंग लावून प्लगचं टोक बघायचा. टोक काळं, ओलं असलं तर प्लग फार थंड, काजळी धरतोय. पांढरंफटक असलं तर फार गरम. इंजिन सुसाट पळताना असला प्लग निखाऱ्यासारखा लाल होतो आणि पिस्टनला भोक पाडतो. बिस्किटाचा रंग आला की जमलं.

पण गड्याला एक खोड होती. टोक काहीही सांगो, हा हवा त्यापेक्षा एक नंबर थंडच प्लग द्यायचा. मग होडी निघतानाच ठसकायची. आम्ही गिऱ्हाइकं म्हणायचो, "थंडोबा, इंजिनाला सर्दी झाली बघ!"

"सर्दीनं कुणी मरत नाही."

कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. चौदा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ शर्यतीत होता. तेव्हाची रीत अशी, की काठावर इंजिन तापवायचं ते गरम प्लगांवर, आणि सुटायच्या आधी थंड प्लग चढवायचे. दोन सिलिंडर, दोन प्लग. यानं वरचा बदलला. खालच्याला पाना लावतोय तोच शिट्टी झाली. भाऊ ओरडला, "राहू दे रे, एकानं काय होतंय!" यानं पाना काढून घेतला. दुसऱ्या वळणावर इंजिन जाम झालं, होडी उलटली, भाऊ गेला. काठावर ऐकू आलं ते एवढंच: आवाज होता, आणि एकदम नव्हता.

त्याच भावाची लेक आता तेवीस वर्षांची, होडी पळवणारी. दोन शर्यतींत निघतानाच मागं पडली. रविवारी निवडीची फेरी. तिथंही मागं राहिली तर संघाच्या यादीतून नाव कट. शनिवारी सकाळी तिनं काळेकुट्ट प्लग बाकड्यावर आपटले.

"काका, हे काय आहे?"

"ओले झालेत."

"ओले कसले, बुडालेत! एक नंबर गरम द्या."

"नाही."

"मग बाजारातून आणते आणि माझी मीच बसवते."

तिची आई डबा घेऊन दारात उभी होती. नवरा गेल्यापासून वहिनीनं शेडीत पाऊल टाकलं नव्हतं. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "भावजी, ही बापावर गेलीय, ऐकायची नाही. तुम्ही दिलात तर निदान बघून द्याल."

त्यानं भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग फळीतले एक नंबर गरम असे दोन प्लग उचलले, ठिणगीची फट मोजली, स्वतः चढवले, आणि नीट आवळलेत का हे चार वेळा बघितलं.

चाचणीत होडी पुऱ्या वेगात न्यायची आणि तिथंच खाडकन इंजिन बंद करायचं. हळू करत थांबलं तर टोकाचा रंग बदलतो, प्लग खोटं बोलतो. पोरीला हे त्यानंच शिकवलेलं. होडी दुसऱ्या वळणाला लागली. आवाज चढत गेला, एक ठसका नाही. आणि एकदम थांबला.

थंडोबा कमरेइतक्या पाण्यात शिरला होता. मी धक्क्यावरून बोंबलतोय, "अरे, तिनंच बंद केलंय!" पण ऐकायला तो होता कुठं?

पोरगी वल्हं मारत आली. प्लग काढून तळहातावर धरला. बिस्किटाचा रंग.

"बघा की, काका."

"हा वरचा. खालचा दाखव."

खालचाही तसाच होता. रविवारी ती संघात गेली.

तेव्हापासून तो सगळ्यांना बरोबर नंबर देतो. फक्त ती चाचणीला पाण्यात उतरली, की शेडीत जाऊन धार लावायचा कर्कश ग्राइंडर चालू करतो. चाकावर धरायला हातात काही नसतं. ती येऊन खांद्याला हात लावेपर्यंत चाक फिरत राहतं.