स्कूटरची दुसरी पाटी

माझं डोकं लवकर तापतं. वयामुळे आता जरा निवलंय, पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, आम्ही जोगेश्वरीला चाळीत राहायचो तेव्हा, त्यावर पापड भाजून निघाला असता. त्याच सुमारास मला दोन गोष्टी लागोपाठ मिळाल्या. एक, हौशी रेडिओचा परवाना. दुसरी, नाव नोंदवून कित्येक वर्षं वाट पाहिलेली स्कूटर.

हौशी रेडिओ म्हणजे घरी जुळवलेल्या यंत्रावरून, निव्वळ हौसेखातर, लांबलांबच्या माणसांशी बोलायचं. त्यासाठी सरकार परीक्षा घेतं आणि पास झालात की एक खूण देतं. व्हीयू टू आणि पुढे काही अक्षरं. हवेत तेच तुमचं नाव. घरी मी कुणाचा मुलगा, विक्रोळीच्या कारखान्यात कुठल्या खात्यात, हे तिकडे कुणी विचारत नाही.

परीक्षेत तारेची लिपी यावी लागते, ती मला बाबांनी शिकवली. बाबा तार ऑफिसात होते. उभी हयात त्यांनी छोट्या-लांब ठोक्यांत लोकांचे जन्म, लग्नं आणि मरणं पोचवली. निवृत्त झाल्यावर ते पालथ्या ताटलीवर चमच्याने ठोके द्यायचे आणि मी लिहून घ्यायचो. मग मी ठोकायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. आई म्हणायची, "जेवताना तरी तार बंद ठेवा."

तारवाल्यांत एक रीत होती. समोरच्याने पाठवलेलं सगळं नीट मिळालं की उलट एकच अक्षर पाठवायचं, आर. एक छोटा ठोका, एक लांब, एक छोटा. म्हणजे, मिळालं, काही चूक नाही. बाबांनी मला तो आर कधी दिला नाही. "तुझो हात अजून कच्चो आसा," एवढंच. रागावले की ते मालवणीत शिरायचे, आणि माझ्या ठोक्यांवर ते कायम रागावलेलेच असायचे. पहिल्या खेपेला मी नापास झालो. दुसऱ्या खेपेला पास झालो आणि परवान्याचा कागद त्यांच्या हातात दिला, तर चष्मा लावून पूर्ण वाचला आणि विचारलं, "पयल्या वक्ताक खंय चुकललंस, ता कळला?" मला असा राग आला म्हणून सांगू. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

मग स्कूटर आली. एका परदेशी मासिकात मी वाचलं होतं, अमेरिकेत म्हणे रेडिओवाल्यांना सरकारच गाडीच्या नंबराऐवजी त्यांची खूण असलेली पाटी देतं. झालं. ते माझ्या डोक्यात जे शिरलं ते निघेना. सगळ्या उपनगराला दिसेल अशी ती अक्षरं लावायची, मग बाबा कसे बघत नाहीत ते बघू. खरी गोम तीच होती. जगाने ओळखावं वगैरे नुसतं म्हणायला.

अंधेरीला नंबर द्यायच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने तो दोनदा वाचला. चेहरा अगदी शांत. "साहेब, तुमच्या रेडिओला चाकं आहेत?"

"नाहीत."

"मग त्याला नंबर कशाला? आणि स्कूटरला आहेत, तर तिचा नंबर तिला मिळालाय ना?"

मी बराच वाद घातला. त्याने मध्येच डबा काढला. मी तणतणत बाहेर आलो आणि तडक समोरच्या पाटी रंगवणाऱ्याकडे गेलो. काळ्यावर पांढरी, अशी झकास खूण रंगवून घेतली, खरा नंबर काढून डिकीत टाकला आणि नवी पाटी मागे ठोकली. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

आठवडाभर मजेत गेला. मग साकीनाक्याला हवालदाराने हात केला. मागे जाऊन पाटी बघितली, पुढे येऊन मला बघितलं.

"नाव काय?"

आणि मी, रोज तेच तेच बोलायची सवय, झटकन सांगून टाकलं, "व्हीयू टू..." सगळी अक्षरं, एकेक सुटं करून.

"नाव विचारतोय रे बाबा, नंबर नाही."

पाच-सात माणसं जमली होती, ती हसली. माझी पार वाट लागली. परवाना दाखवला, तोंडाला कोरड पडेपर्यंत समजावलं. हवालदार भला माणूस निघाला. तिथेच रस्त्यावर माझ्याकडून खरा नंबर परत लावून घेतला आणि म्हणाला, "लोक नंबराखाली 'आईचा आशीर्वाद' लिहितात, त्यांना आम्ही अडवतो का? तुला काय लिहायचं ते खाली लिही की."

घरी येऊन मी पाटी भिंतीला टेकवली आणि घडलेलं सगळं सांगितलं, कारण लपवलं असतं तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतंच. आई पदर तोंडाला लावून हसली. बाबा म्हणाले, "लोक आवशी-बापाशीची नावां घालतत, तू मेल्या तुझाच घाल." आणि पेपर वाचायला लागले.

मी छोटी पाटी करून नंबराखाली लावली. कुणी अडवलं नाही. कुणी विचारलंही नाही. बाबांनी तर नाहीच.

पुढच्या महिन्यात त्यांना पेन्शनच्या कामाला मालाडला जायचं होतं. गुडघा दुखत होता, म्हणून एरवी "त्या खेळण्यार मी बसूचंय नाय" म्हणणारे बाबा कुरकुरत खाली आले. बसायच्या आधी मागे गेले, रुमाल काढला आणि खालच्या पाटीवरची धूळ पुसली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले.

गोरेगाव मागे पडलं तेव्हा खांद्यावर त्यांचं बोट हललं. हळू चालव म्हणत असतील, म्हणून मी वेग कमी केला. बोट थांबलं नाही. टिचकी, दाब, टिचकी. जरा लक्ष दिलं तेव्हा कळलं, ते माझी खूण पाठवत होते. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, एकही ठोका इकडचा तिकडे नाही. काय हात होता माणसाचा. मग जरा थांबले. आणि मग एक छोटा, एक लांब, एक छोटा.

पुढे रस्ता मोकळा होता, तरी मी हॉर्नवर अंगठा ठेवला आणि तेच अक्षर परत पाठवलं. मिळालं.

मागून आवाज आला, "शेवटचो ठोको लांबलो."