उघडा गोल

मावशींच्या लेसच्या रुमालावरचा उसवलेला गोल मी परस्पर शिवून आणला. त्यावर चहा मीच सांडला होता. नुसता धुऊन दिला असता तरी भागलं असतं, पण कापडबाजारात रफूवाला दिसला आणि मला शहाणपण सुचलं.

शेजारच्या या मावशी त्यांच्या आईनं विणलेल्या त्या रुमालानेच चहाचा ट्रे झाकतात. बोलताना बोट नक्षीवर फिरत असतं. “फूल म्हंजे मानूस, गोल म्हंजे घर.” पुढचं मी कधी ऐकलंच नाही, खारी बुडवण्यात गुंग.

आज बोट शिवणीवर अडलं. “ह्यो गोल आईनं मुद्दाम उघडा ठेवला हुता. दादा घर सोडून गेला ना, तो परतला की मिटवायचा म्हनून.”

मी घाईघाईने शिवण उसवू लागलो. आतलं फूलच तुटून हातात आलं.

मावशींनी बशी पुढे सरकवली. “ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमी खारीच खा.”